जुन्या काळातल्या सुपरहिरोचं पोस्टर: सोलापुरातल्या नवख्यांसाठी

शॉर्टफिल्म करणारी पोरं सध्या एकच मागणी घेऊन येतात. "सर, पिरियड सुपरहिरो आहे. जुनं दिसलं पाहिजे, पण भारी दिसलं पाहिजे." सोबत त्यांनीच केलेला एक नमुना असतो. सगळं पिवळट, कडा जळाल्यासारख्या, आभाळात कावळे, मधोमध छाती काढलेला हिरो आणि खाली सोन्याची अक्षरं. यात जुनं काय, तर फिल्टर. सुपर काय, तर स्नायू. कुठल्या गावचा, कुठल्या सालातला आणि कशासाठी लढणारा माणूस आहे, याचा पत्ताच लागत नाही.

पुढचं सगळं नीट कळावं म्हणून एक बनावट फिल्म धरून चालू. नाव 'धोटा'. साल १९३०, गाव सोलापूर, नायक गिरणीत रात्रपाळी करणारा मागवाला. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागाच्या या टोकापासून त्या टोकाला पळणारा होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. आता धोट्याशिवाय चालणारे माग आले, त्यामुळे तुमच्यातल्या निम्म्यांनी तो पाहिलेला नसेल. आजोबा मिलमध्ये होते का, ते घरी विचारा. असतील तर कपाटावर एखादा सापडेलही.

पहिली पायरी: कॉम्प्युटर बंद ठेवा आणि एक ओळ लिहा

ओळ अशी हवी: अमुक माणूस, अमुक काळात, अमुक अडचणीत, आणि त्याच्याकडे अमुक ताकद. 'धोटा'ची ओळ: "मार्शल लॉमध्ये (लष्करी अंमलात) रात्री बाहेर पडलं तर गोळी, आणि या मागवाल्याचा धोटा अंधारात अचूक लागतो." एवढ्यात काळ आला, धोका आला, ताकदही आली. ओळ दोन वाक्यांच्या पुढे गेली तर पोस्टरमध्ये सात गोष्टी कोंबल्या जाणार हे नक्की समजा.

ही ओळ का लागते, त्याचं एक जुनं उदाहरण आहे. १९९१ मध्ये डिस्नेचा 'द रॉकेटियर' आला. कथा १९३८ च्या लॉस एंजेलिसची, नायक पाठीला रॉकेट बांधून उडणारा वैमानिक. त्याचं गाजलेलं पोस्टर आर्ट डेको शैलीत चितारलेलं आहे: धारदार रेषा, वर झेपावणारी शिरस्त्राण घातलेली आकृती, चेहरा कुठेच नाही. देखणं पोस्टर आहे, संग्राहक आजही ते शोधत असतात. सिनेमाची अमेरिकेतली कमाई मात्र साडेचार कोटी डॉलरच्या थोडी वर जाऊन थांबली, आणि एवढ्या खर्चाच्या सिनेमाला ती कमीच होती. खापर एकट्या पोस्टरवर फोडता येणार नाही. पण ज्याला तीसचं दशक आधीपासून आवडतं त्यालाच ते पोस्टर खुणावतं. रस्त्याने जाणाऱ्याला आत कोण आहे आणि त्याचं काय अडलंय, हे कळत नाही.

त्याच दिग्दर्शकाने, जो जॉन्स्टनने, २०११ मध्ये 'कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर' केला. तोही काळ जुनाच, दुसरं महायुद्ध. त्या सिनेमात नायक आधी रंगमंचावर चकचकीत कपडे घालून युद्धरोखे विकतो, आणि मग आघाडीवर जातो तेव्हा त्याचा पोशाख सैनिकाचा होतो, पट्टे आणि बकलांसकट. सिनेमा विकला गेला तो या दुसऱ्या पोशाखावर. जुना काळ तिथे कापडात आणि चामड्यात बसलाय, वेगळा सांगावा लागत नाही.

साल बघायला तिकीट कुणी काढत नाही. त्या सालात अडकलेल्या माणसासाठी काढतात. तुमची ओळ माणसापासून सुरू होत नसेल तर परत लिहा.

दुसरी पायरी: काळाची एकच वस्तू निवडा, आणि ती तपासून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कंदील, बैलगाडी, ग्रामोफोन, सायकल, पगडी हे सगळं एकत्र आलं की पोस्टर वस्तुसंग्रहालयाचं तिकीट वाटायला लागतं. एक वस्तू घ्या. ती नायकाच्या हातात किंवा अंगावर असावी, मागे भिंतीवर नको. आपल्या बाबतीत धोटा आहेच. अंगावर काय? लगेच उत्तर येतं: सोलापुरी चादर, केप म्हणून! कल्पना गोड आहे आणि पोस्टर फोनवर फिरेलही. पण आज दुकानात मिळते त्या नक्षीची जाड चादर १९३० च्या मागवाल्याच्या खांद्यावर होती का, हे आधी जाणकाराला विचारा. घोंगडी मात्र बिनधास्त चालेल. मंगळवेढा-सांगोल्याकडच्या धनगरांच्या घोंगडीला स्वतःचं वजन असतं. खांद्यावरून ती केपसारखी फडफडत नाही, लोंबते. जवळून फोटो काढलात तर कडेला लोकरीचे केस उभे दिसतात, आणि मागून दिवा लावला की त्या केसांची एक उजळ कड तयार होते. लाखभर रुपयांचा पोशाख शिवूनही ही कड मिळत नाही.

आता तपासणीच्या जागा. नवखे हमखास अडकतात अशा तीन सांगतो.

झेंडा. १९३० च्या पोस्टरवर आजचा तिरंगा लावला की जाणता माणूस तिथेच थांबतो. त्या वेळच्या झेंड्यात वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल असे पट्टे होते आणि त्यावर चरखा. केशरी-पांढरा-हिरवा हा क्रम १९३१ ला ठरला, तेव्हाही मधे चरखाच होता, आणि अशोकचक्र आलं जुलै १९४७ मध्ये. आता उलट अडचण अशी की खरा झेंडा काढलात तर निम्म्या लोकांना तो ओळखूच येणार नाही. माझं मत: झेंडा दुमडलेला, मुठीत धरलेला, फक्त चरखा दिसेल असा काढा. चूकही होत नाही आणि बघणाऱ्याला कुतूहलही वाटतं.

चिमणी. गिरणगाव म्हटलं की मागे धुराडं हवंच. पण इंटरनेटवर 'सोलापूर चिमणी' शोधलं की भरभरून फोटो येतात ते सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचे, जी २०२३ मध्ये विमानतळासाठी पाडली. ती आपल्या काळातली उंच सरळसोट काँक्रीटची. तुम्हाला हवी जुन्या कापडगिरणीची, विटांची, वर निमुळती होत जाणारी.

तिसरी जागा नाजूक आहे. १२ मे १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लागला. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. हा इतिहास पार्श्वभूमीला घ्या, खुशाल घ्या, आपल्याच गावाचा आहे. पण हुतात्म्यांच्या चेहऱ्यांना मुखवटे चढवू नका, आणि चार हुतात्मा चौकातल्या पुतळ्यांचा फोटो कापून हिरोच्या मागे चिकटवू नका. तुमचा नायक बनावट आहे, तो बनावटच राहू द्या.

शंका असेल तिथे हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसा. मिलमधून निवृत्त झालेले लोक गाठा. गूगलच्या पहिल्या पानावर जे मिळतं ते सगळ्यांच्याच पोस्टरवर असतं.

वस्तूतून काळ कसा बोलतो ते बघायचं असेल तर २०२१ चा मल्याळम 'मिन्नल मुरली' बघा. नव्वदच्या दशकातलं केरळमधलं गाव, वीज अंगावर पडलेला शिंपी. पोशाख शिवायच्या आधी तो तोंडाला साधं कापडच बांधतो. सुपरहिरोची ताकद जगात कुठूनही येऊ शकते. पण ते कापड कुठलं आणि ते कसं बांधलंय, यावर गाव आणि साल दोन्ही कळतात.

तिसरी पायरी: आकृती काळी करून बघा

नायकाचा फोटो कापा, सगळा काळा भरा, पांढऱ्यावर ठेवा आणि अंगठ्याएवढा लहान करा. ओळखू येतो? नसेल तर पोज बदला. हात शरीराला चिकटलेले असतील तर आकृतीचा खांब होतो. 'धोटा'मध्ये एक हात मागे ताणलेला, धोटा सुटायच्या बेतात, दुसऱ्या खांद्यावरून घोंगडी खाली. एवढी सावली पुरते.

एम. एफ. हुसेन यांचा जन्म १९१५ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचा. मुंबईत पोटासाठी त्यांनी सिनेमाची होर्डिंग रंगवली. पुढची त्यांची चित्रं बघा: जाड, ठाम बाह्यरेषा, आणि दुरूनही न सुटणारा आकार. होर्डिंगची सवय हाताला लागली की ती जात नाही, असं मला वाटतं.

सावलीचं टोक गाठायचं नसतं, हेही सांगतो. १९६२ च्या काळातल्या 'एक्स-मेन: फर्स्ट क्लास'ची २०११ मधली सुरुवातीची पोस्टरं आठवा. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या प्रोफेसरची काळी सावली, आणि तिच्या पोटात तरुणपणीचा चेहरा. आज आणि काल एकाच चित्रात, कागदावर चलाख. दिसायला पोटातून डोकं बाहेर आल्यासारखं. लोकांनी यथेच्छ टिंगल केली. सिनेमा चांगला निघाला ही गोष्ट वेगळी.

चौथी पायरी: पिवळट फिल्टर काढून टाका

जुने फोटो पिवळे पडले म्हणून जुना काळ पिवळा नव्हता. त्या काळातली पोस्टरंसुद्धा फिकट नव्हती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२४ मध्ये 'कल्याण खजिना'साठी केलेलं पोस्टर हे आपल्याकडचं टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं सचित्र सिनेमा-पोस्टर मानतात, आणि ते रंगीत आहे. छापील रंग तेव्हा लोकांसाठी नवलाईची गोष्ट होती, त्यामुळे रंग सढळ हाताने वापरले जात.

रंग काळातल्या पदार्थांवरून घ्या. गिरणीत काय होतं? मागाच्या तेलाचा काळा, हवेत तरंगणाऱ्या कापसाच्या तुसाचा पांढरा, सुताच्या रंगाचा गडद लाल, दिव्याचा पिवळा. चार झाले. यातला एक, समजा लाल, फक्त ताकदीसाठी राखून ठेवा: धोट्याला गुंडाळलेला धागा तेवढा लाल, बाकी पोस्टरभर लाल कुठेही नाही. नजर आपोआप तिथे जाते.

मोठ्या सिनेमांतही हेच दिसतं. २०२० चा 'वंडर वुमन १९८४' रंगीबेरंगी पट्ट्यांवर सोनेरी कवच उभं करतो, आणि ऐंशीचं दशक सांगायला त्याला एकही जुनी वस्तू लागत नाही. 'आरआरआर' १९२० च्या काळातला. त्यात एका नायकाला आग दिली, दुसऱ्याला पाणी. पोस्टर दुरून दिसलं तरी दोन स्वभाव कळतात. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू वस्तीत, त्या सिनेमाचं किती कौतुक झालं ते तुम्हाला सांगायला नको.

आपल्या गावापुरती एक सूचना. एप्रिल-मेमध्ये पोस्टर लागणार असेल तर गडद, काळपट पोस्टर करू नका. चकचकीत फ्लेक्सवर दुपारचं ऊन पडलं की काळ्या भागात समोरची इमारत दिसते, हिरो दिसत नाही. लॅपटॉपवर रात्री अकराला जे गूढ वाटतं, ते सात रस्त्याला दुपारी दोनला नुसता आरसा असतो. रात्रीचा प्रसंगही उजळ आभाळावर काळ्या आकृतीने दाखवता येतो.

पाचवी पायरी: नावाची अक्षरं

सोन्याची, कडेला उतार दिलेली थ्रीडी अक्षरं आता सगळ्याच ऐतिहासिक सिनेमांवर असतात. त्यामुळे तुमचं पोस्टर कुठल्या तरी दुसऱ्याच सिनेमाचं वाटतं. चौकातल्या वाढदिवसाच्या डिजिटल फ्लेक्सवरही तीच असतात, हे आणखी वाईट.

'धोटा' हाताने लिहून बघा. ध च्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटलेली असते. मनात पहिलं येतं ते हेच: शिरोरेषेच्या जागी लाल धागा ओढायचा आणि टोकाला धोटा. सुरेख! पण धागा ध च्या डोक्यावरून सलग गेला की ध चा घ होतो आणि सिनेमाचं नाव 'घोटा' होतं. पायाचा. पोस्टर छापून भिंतीवर गेल्यावर हे कुणीतरी दाखवून देणार, आणि मग गावभर घोटाच चालणार. म्हणून धागा ध च्या खाचेत आत शिरू द्या, गाठ घेऊन बाहेर काढा आणि मग पुढे न्या. खाच मोकळी राहते, नाव बरोबर वाचलं जातं आणि धाग्याला कारणही मिळतं.

तयार फॉन्ट घ्यायचा तर मराठी वळणाचे ल आणि श त्यात आहेत का ते बघा. बऱ्याच युनिकोड फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणाची अक्षरं येतात. आपल्याकडच्या १९३० च्या पाटीवर ती परकी दिसतात. 'यात्रा वन' हा फॉन्ट रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलाय. स्टेशन, गिरणी, बाजार असा विषय असेल तर बरा बसतो. राजवाड्याला नको.

आकाराचा ठोकताळा: दर १० फुटांना १ इंच उंची. रस्त्यापलीकडून, म्हणजे ५० फुटांवरून वाचायचं तर ५ इंच. हा हिशेब इंग्रजी अक्षरांचा आहे. आपल्याला वर-खाली मात्रा आहेत, तेव्हा थोडं वाढवूनच धरा.

तेलुगू पोस्टर वेगळं करणार असाल, आणि सोलापुरात करावंच, तर अक्षरं तेलुगू वाचणाऱ्याकडूनच लिहून घ्या. यंत्राने बदललेली लिपी जशीच्या तशी छापू नका. त्यांच्या अक्षरांना शिरोरेषा नाही, म्हणजे धाग्याची सगळी गंमत नव्याने जुळवावी लागेल. कन्नडचंही तेच.

एआयबद्दल, थोडक्यात

वापरा, कच्च्या आराखड्यासाठी. गिरणीचा प्रकाश कसा दिसेल, आकृती डावीकडे बरी की उजवीकडे, एवढ्यासाठी ते चांगलं आहे. शेवटच्या पोस्टरवर मात्र ते तुमचं नाक कापू शकतं. २०२५ मध्ये 'द फँटॅस्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स'चं साठच्या दशकाच्या धाटणीचं पोस्टर आलं. गर्दीतल्या एका माणसाच्या हाताला चारच बोटं दिसतात म्हणून लोकांनी एआयचा आरोप केला. स्टुडिओने तो नाकारला, तरी चर्चा बोटांचीच झाली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत. आणि आपला मागवाला जर कुणी यंत्राला काढायला सांगितला, तर ते त्याच्या हातात धोट्याऐवजी केळं देईल. खरा धोटा आणा, खऱ्या हातात द्या, फोटो काढा.

सहावी पायरी: छपाई

आपल्याकडचं सिनेमाचं नेहमीचं कागदी पोस्टर ३० बाय ४० इंच. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) फाइल ९,००० बाय १२,००० पिक्सेल होते. जुन्या लॅपटॉपला ती झेपत नसेल तर १५० ला करा, भिंतीवर फरक जाणवत नाही. १० बाय २० फुटांच्या फ्लेक्सला पूर्ण मापात ७२ डीपीआय पुरतं. रंग पहिल्यापासून सीएमवायकेमध्येच, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशेबात ठेवा, नाहीतर तो जपून ठेवलेला लाल मशीनमधून विटकरी होऊन निघेल.

दुकानात फाइल देताना अक्षरं कर्व्हजमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, बदललेली असावीत. तिथला कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) जुना असतो, तुमचा फॉन्ट त्यांच्याकडे नसतो, आणि जोडाक्षरं फुटून काना-मात्रा भलत्याच जागी बसतात. कोरलची फाइल जुन्या आवृत्तीत सेव्ह करा, सोबत एक जेपीजी द्या, आणि मालकांना सांगा, "मालक, जेपीजीसारखंच आलं पाहिजे." फ्लेक्स फ्रेमवर गुंडाळला जातो, रिंगा मारल्या जातात, म्हणून चारही बाजूंनी तीन-चार इंच रिकामे सोडा. पूर्ण काढायच्या आधी एक-दोन फुटांचा तुकडा काढून घ्या. चेहरा आणि नाव येईल असा निवडा आणि उन्हात धरून बघा.

सातवी पायरी: लावायच्या आधी दाखवा

मित्रांना दाखवू नका, ते भारीच म्हणणार. दहा-बारा वर्षांचा पोरगा, त्याची आई आणि चहाच्या गाड्यावरचा कुणी पन्नाशीचा माणूस, असे तिघे पकडा. फोनवर तीन सेकंद दाखवा, फोन उलटा करा आणि विचारा: कोण आहे, कधीचं आहे, काय करणार आहे? सुपरहिरोचा सिनेमा पोरगा निवडतो आणि पैसे आई देते, म्हणून दोघांची उत्तरं वेगळी मोजा. पोराला ताकद कळली पाहिजे. आईला एवढं तरी वाटलं पाहिजे की यात माणसाची गोष्ट आहे, नुसती हाणामारी नाही. 'कधीचं आहे' याला तिघांपैकी एकानेही 'जुनं' एवढंच सांगितलं तर दुसऱ्या पायरीवर परत जा. 'गिरणीच्या काळातलं' असं उत्तर आलं की झालं.

सार्वजनिक जागेत लावायचं असेल तर महापालिकेची रीतसर परवानगी घ्या. परवानगीशिवाय लावणं हे मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यात, १९९५ च्या, बसतं. खासगी भिंतीला मालकाची लेखी संमती घ्या. गड्ड्याच्या यात्रेत लावायचा विचार असेल तर डिसेंबरातच धावपळ सुरू करा, संक्रांतीच्या तोंडावर जागा मिळत नाही.

शेवटचं, क्यूआर कोड. १० बाय २० च्या होर्डिंगवर तो टाकू नका, दुचाकीवरून तो कुणी स्कॅन करत नाही, आणि करू पण नये. कागदी पोस्टरवर खाली उजव्या कोपऱ्यात दोन-अडीच इंचांचा ठेवा आणि चिकटवणाऱ्याला सांगा की तो कोपरा उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर यायला हवा. नाहीतर तो हटकून गटारीच्या कठड्यामागे जातो.